उघडता येणारा फोन घ्यावा का? जिंतूरहून विचारतेय

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मे महिन्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही.

फोन चार वर्षांचा, चौदा हजारांना घेतलेला. तक्रार काहीच नव्हती. आमच्या घरावर पत्रे आहेत, उन्हाळ्यात दुपारी पंखासुद्धा गरम वारा टाकतो. एके दिवशी चार्जिंगवरून काढून फोन टेबलावर ठेवला तर डुगडुगायला लागला. कव्हर काढलं तर पाठ एका बाजूनं उचललेली, फटीत नख जाईल एवढी.

परभणीला गेले. दुकानातल्या पोरानं फोन गरम प्लेटवर ठेवला, कडेनं पातळ पत्री फिरवली, पाठ सुटली. बॅटरी मात्र खालून पूर्ण चिकटवलेली. ती उपसायला जोर लावला तसा फोन किंचित वाकला आणि डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यातून एक हिरवी रेघ सरळ वर गेली. पोराचा चेहरा उतरला. मी त्याच्यावर रागावले नाही. ज्यानं बॅटरी अशी चिकटवली त्यानं ती कधी काढायची आहे असा विचारच केला नव्हता. बॅटरीचे अकराशे दिले. डिस्प्लेचे साडेचार हजार सांगितले, ते काम करून घेतलं नाही. आज फोन त्या रेघेसकट चालतोय. फुगलेली बॅटरी पोरानं पिशवीत घालून माझ्याच हातात दिली, ती अजून घरात आहे.

दुसरी गोष्ट बायकांना लगेच कळेल. दुकानात म्हणाले, फोन ठेवून जा आणि पिन लिहून द्या. त्यात माझी बँक आहे, घरचे फोटो आहेत, पालकांचे नंबर आहेत. पिन दिला नाही, दोन तास स्टुलावर बसून राहिले. फोन घरच्या घरी उघडता आला असता तर ही वेळ आली नसती.

तेव्हापासून वाचतेय. नेदरलँड्समधला फेअरफोन, स्क्रू काढून पार्ट बदलता येणारा, फिनलंडच्या एचएमडी कंपनीचा फ्यूजन, काढता येणाऱ्या बॅटरीचे काही फोन. माझा भाचा जर्मनीत आहे, दिवाळीत येणार आहे, तो आणू शकतो. बजेट वीस, फार तर पंचवीस हजार. कुणी असा फोन प्रत्यक्ष वापरलाय का? आणि तो मराठवाड्यात वापरण्यात अर्थ आहे का?

मांजरातीर

लातूरहून. ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटतो, पण माझ्या ओळखीत नवा फोन घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं बजेट दहा-बारा हजार असतं, तेही हप्त्यावर. माझी दोन लेकरं इथं शिकवणीला आहेत. त्यांना फोन द्यायचा म्हणजे पडणार हे धरूनच द्यावा लागतो. त्या किमतीत दुरुस्तीचा विचार करून बनवलेला फोन मला तरी दिसला नाही. जुना, खूप खपलेल्या मॉडेलचा फोन घेऊन इथल्या गंजगोलाई बाजाराच्या आसपास दुरुस्त करून वापरणं हाच आमचा मार्ग आहे.

हॉटएअर

संभाजीनगरला पैठण गेटला अठरा वर्षं हेच काम करतोय. मॅडम, आधी कामाचं सांगतो. फुगलेली बॅटरी असलेला फोन गरम प्लेटवर ठेवायचाच नसतो. आधी फोन वापरून चार्ज उतरवायचा. पाठ काढायला लागेल तेवढीच ऊब द्यायची, तीही कडेनं. मग बॅटरीच्या बाजूनं स्पिरिटचे थेंब सोडायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि प्लॅस्टिकच्या कार्डानं हळूहळू सोडवायची. लोखंडी पत्री बॅटरीखाली घालायची नाही. टोचली तर पेट घेते. तुमच्या इथं घाई झाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की घाई होतेच.

आता कंपन्यांचं. फोन उघडला की मी तीन गोष्टी बघतो. बॅटरीखाली ओढायची पट्टी आहे का? असली तर ती ओढून बॅटरी दोन मिनिटांत बाहेर येते. चार्जिंग जॅक वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे का? वेगळा असला तर काम शे-पाचशेत होतं, मुख्य बोर्डवर असला तर रेवर्क, म्हणजे सोल्डर काढून पुन्हा लावायचं नाजूक काम, करावं लागतं. आणि डिस्प्ले पुढून निघतो का? काही फोनांत डिस्प्ले बदलायचा तर पाठीकडून सगळं मोकळं करत जावं लागतं, म्हणजे काच फुटली म्हणून अख्खा फोन उसवायचा. महागातले सगळे वाईट आणि स्वस्तातले सगळे चांगले असंही नाही. आयफोन १६ मध्ये ॲपलनं बॅटरीखाली असा गोंद वापरलाय की ९ व्होल्टचा सेल लावला की पकड सुटते. हे बघितलं आणि वाटलं, मनात आणलं तर जमतं यांना.

पण खरी अडचण वेगळी आहे. इथं बसून सांगतो, फोन दुरुस्त होईल का हे फोनच्या रचनेवर निम्मंच ठरतं. निम्मं ठरतं पार्टवर. जे मॉडेल लाखांनी खपलंय त्याचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, माझ्या मागच्या फळीवर असतो, मग तो फोन कितीही चिकटवलेला असो. जे मॉडेल चार जणांनी घेतलंय त्याला दहा स्क्रू असले तरी मला दिल्लीच्या गफार मार्केटला फोन करावा लागतो. आला तर आला.

पार्ट आहे म्हणजे तरी काय आहे, तेही विचारा. भारी ॲमोलेड डिस्प्लेच्या जागी स्वस्तातला इनसेल डिस्प्ले टाकला की फोन जाड दिसतो, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि डिस्प्लेखालचं फिंगरप्रिंट बंद पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही सेन्सर खराब केला. सेन्सर ठीक असतो, त्याला त्या काचेतून बोट दिसत नाही. बॅटऱ्यांचंही तसंच, वर क्षमता ५००० एमएएच असं छापलेलं असतं, आत तेवढं नसतं. कंपनीनं ओरिजिनल पार्ट रास्त भावात काउंटरवर विकला तर माझ्यासारख्याला कॉपी ठेवायची हौस नाही. कॉपीवर शिव्या मीच खातो.

पिनचं: सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स मोड आहे. पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो चालू करून फोन द्या. फोन चालतो, टच-कॅमेरा तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज, ॲप काहीच दिसत नाही. ज्यांना हे माहीत आहे अशा बायका आता आमच्या दुकानात बिनधास्त फोन ठेवून जातात.

औशाचा_आइंडहोवनला

गाव औसा, नोकरीनं नेदरलँड्स. २०२२ पासून फेअरफोन ४ वापरतोय, बायकोकडं ५ आहे. तुमचा प्रश्न मलाच आहे असं समजून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात चार्जिंगची वायर ढिली बसायला लागली. पोर्ट मागवला, वीस युरोच्या आत. जेवणाच्या टेबलावर बसून पाठ नखानं काढली, बॅटरी उचलून बाजूला ठेवली, स्क्रू सोडले, पोर्ट बदलला. चहा गार व्हायच्या आत फोन चालू झाला. सात वर्षांची लेक बाजूला उभी राहून स्क्रू एका वाटीत ठेवत होती. वस्तू आपली आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

आता वजाबाकी. फेअरफोन ४ चं वजन २२५ ग्रॅम आणि जाडी साडेदहा मिलिमीटर, शर्टाच्या खिशात दगड ठेवल्यासारखा. २०२१ साली आला तेव्हा किंमत ५७९ युरो. तेवढ्या पैशात त्या वेळी कितीतरी वेगवान प्रोसेसर आणि सरस कॅमेरा मिळत होता. हेडफोनचा जॅक काढून टाकला, यावर इथले चाहतेसुद्धा नाराज झाले, कारण टिकाऊपणाची भाषा करणाऱ्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती. २०२५ ला सहावा आला, ५९९ युरोचा. तो बारीक झाला, पण बॅटरी आता नखानं निघत नाही, स्क्रू सोडावे लागतात. सडपातळ करायचा तर काहीतरी सोडावं लागलं, आणि त्यांनी ते सोडलं.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी वजाबाकी. ही कंपनी भारतात फोन विकत नाही. मी औशाला सुट्टीवर येतो तेव्हा फोन दुप्पट जपतो, कारण तिथं दुरुस्तीच्या सोयीत १० पैकी १० गुण मिळवणारा माझा फोन सगळ्यात अवघड फोन असतो. पार्ट पाठवायचा तर इथून कुणीतरी आणायचा. सुटी बॅटरी विमानात फक्त हातातल्या बॅगेत नेता येते, सामानात टाकता येत नाही. शिवाय जिओला कॉलसाठी व्होल्टी, म्हणजे ४जी नेटवर्कवरून बोलायची सोय, लागतंच, त्यांच्याकडं टू-जी नाही. जो फोन देशात अधिकृत विकला जात नाही त्यात व्होल्टी चालेलच असं धरू नका. भाच्याला फोन आणायला सांगू नका, ताई. फार इच्छा असूनही हे लिहितोय.

पूर्णाकाठ

वाटीतल्या स्क्रूंचं वाचून फार बरं वाटलं. आणि फेअरफोनचा विषय माझ्यापुरता संपला. साठ हजारांच्या घरातला फोन घेऊन पार्टसाठी भाच्याच्या सुट्टीची वाट बघायची, हे नाही जमणार.

हॉटएअरदादा, मेंटेनन्स मोडचं आमच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकलं. पंधरा जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

मग फ्यूजन? पार्ट मिळतील का इकडं?

कयाधू

मॅडम, शेतकऱ्याचं बी ऐका. आमच्याकडं फोन म्हणजे मोटारीचं बटन हाय. स्टार्टरला मोबाईल लावलेला, घरून कॉल केला की मोटार चालू. लाईन कवा रातची, कवा दिवसाची. फोन बंद पडला की रातच्याला विहिरीवर जावं लागतंय, साप-विंचवातून. ई-पीक पाहणी आली २०२१ ला, तवापासून बांधावर उभं राहून फोटो काढावा लागतोय, लोकेशन लागतंय. मंग फोनला पाणी बी लागणार, धूळ बी लागणार.

लोक म्हणतेत की बॅटरी निघणारा फोन पाण्यात टिकत नाही, म्हणून कंपन्या चिकटवायल्यात. हे खरं न्हाई. माझ्या मेव्हण्याकडं सॅमसंगचा एक्सकव्हर ७ हाय, वसमतला गोदामावर कामाला हाय तो. पाठ नखानं निघते, बॅटरी हातात येते, अन् तरी आयपी ६८ हाय, म्हंजी धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा. पाठीच्या आतून रबराची कड हाय. एवढंच की ती कड साफ पाहिजे. सोयाबीनच्या मळणीत एकदा पाठ काढली अन् भुस्सा बसला कडेला, एवढा बारीक की डोळ्याला दिसंना. बोटानं चाचपलं तवा खरखर लागली. ओल्या फडक्यानं पुसून मंगच बसवली. तसंच लावलं असतं तर पाणी शिरलंच असतं.

पण आला तवा सत्तावीस हजाराला होता तो, अन् त्या पैशाच्या मानानं हळू चालतोय. बॅटरी बी ४०५० चीच. पण दुसरी भरून खिशात ठेवली की दोन दिवस लाईनीची फिकीर न्हाई. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस झाला तवा आमच्याकडं तीन दिवस लाईन नव्हती. गावात चालू फोन दोन होते, त्यातला एक त्याचा.

सिंदफणा

बीड जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सगळे स्क्रू आणि गोंदावर बोलताय, मी रोज जे बघतो ते वेगळं आहे. काउंटरवर येणारा फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो, आणि ॲप म्हणतं, तुमचं अँड्रॉइड जुनं आहे. म्हातारा माणूस विचारतो, फोन तर चांगला आहे ना रे बाबा? काय सांगायचं? शरीर धडधाकट असून फोन बाद.

म्हणून दुरुस्तीआधी अपडेट बघा. एचएमडीचा स्कायलाइन २०२४ च्या सप्टेंबरात भारतात आला, ३५,९९९ ला. घरी उघडता येतो म्हणून त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण अँड्रॉइडची दोन नवी व्हर्जन आणि सुरक्षा अपडेट तीन वर्षं. बॅटरी सहाव्या वर्षी बदलता येईल, पण सहाव्या वर्षी त्या फोनवर बँक उघडायची का? उलट सॅमसंगचा ए १६ ५जी, पाठ चिकटवलेला साधा फोन, २०२४ च्या ऑक्टोबरात १८,९९९ ला आला आणि त्याला सहा वर्षं अपडेट. पिक्सेल ८ आणि सॅमसंग एस २४ ला सात.

दोन्ही एकत्र देणारा मला फेअरफोनच दिसतो. त्यांचा फेअरफोन २, २०१५ चा, त्याला २०२३ पर्यंत अपडेट दिले. चिप बनवणाऱ्यानं आधार काढून घेतल्यावरही स्वतः खपून दिले. त्यातून शिकून पाचव्यात साध्या मोबाईलची चिप न घालता कारखान्यांतल्या यंत्रांसाठीची क्वालकॉमची चिप घातली, कारण तिला कंपनी जास्त वर्षं आधार देते. म्हणून आठ वर्षांचं वचन देता आलं. त्याची किंमत वेगाच्या रूपानं मोजावी लागते, आणि मला ती योग्य वाटते.

मांजरातीर

हे अपडेटचं कुणी दुकानात सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, येतात की. किती वर्षं, हे खोक्यावर छापलेलं असायला पाहिजे.

बालाघाट

मांजरातीर, युरोपात तसंच झालंय. २० जून २०२५ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर लेबल असतं, त्यात दुरुस्तीची श्रेणी ए ते ई. मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि मुख्य पार्ट सात वर्षं मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये तर त्याआधी, २०२१ पासूनच दुरुस्तीला १० पैकी गुण देऊन ते किमतीशेजारी लावायचे. बॅटरीचा वेगळा कायदा १८ फेब्रुवारी २०२७ ला लागू होतोय: बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. फोनला मात्र एक सूट आहे. बॅटरी १००० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल, तर ती कारागिरानं बदलण्यासारखी ठेवली तरी चालते. मोठ्या कंपन्या याच दारातून जातील असं मला वाटतं. कयाधूंच्या मेव्हण्याचा फोन दोन्ही करून दाखवतो, तेव्हा ती सूट द्यायची गरज नव्हती.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग आहेत त्यात. फोनला दुरुस्तीचे गुण द्यायचे कसे यावर दुसऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ ला आला. पार्ट नाकारला, वॉरंटीत टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिल मात्र जपून ठेवा. आपल्याकडे बिल मागायचा संकोच करतात आणि तिथंच तक्रार लंगडी पडते.

हॉटएअर

पार्ट सात वर्षं मिळणार हे वाचून डोळ्यांपुढं माझी फळी आली. माझ्याकडं तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा चांगला डिस्प्ले मागितला तर निम्म्या वेळा नाही म्हणावं लागतं. मग माणूस नवा फोन घेतो आणि जुना ड्रॉवरमध्ये पडतो. दुरुस्ती मला येत नाही असं नाही, हातात द्यायला वस्तू नसते.

मॅडम, फ्यूजनचं विचारलंत. मी तो उघडून पाहिलाय, आत चांगला आहे, एका स्क्रू-ड्रायव्हरवर बॅटरी आणि डिस्प्ले निघतो. शिकाऊ पोरगंही बिघडवणार नाही असा. स्क्रीन एचडी प्लसच, म्हणजे कमी बारकाव्याची आहे, ते सोडा. पार्टचं मी तोंडानं सांगणार नाही. तुम्ही स्वतः कंपन्यांना फोन लावा आणि एकच विचारा: या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी आणि डिस्प्ले परभणीत किती दिवसांत, कितीला? फोन घ्यायच्या आधी विचारा.

पूर्णाकाठ

विचारलं. चार ठिकाणी फोन केले, त्यात दोन दिवस गेले. नावं लिहीत नाही, कारण एकेका माणसाच्या उत्तरावरून कंपनी ठरवणं बरं नव्हे. एका ठिकाणी सांगितलं, फोन जमा करा, मग बघू. एका ठिकाणी बॅटरीची किंमत सांगितली, पण दिवस सांगितले नाहीत. स्क्रूवाल्या फोनसाठी जिथं विचारलं तिथल्या बाई फार आपुलकीनं बोलल्या, मात्र सुटा पार्ट ग्राहकाला विकत नाही म्हणाल्या. घरी उघडता येईल असा बनवलेला फोन, आणि घरी बसवायला पार्टच विकत नाहीत. मी त्यांना दोनदा विचारलं, मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. चौथ्या ठिकाणी, सगळ्यात जास्त खपणाऱ्या साध्या फोनसाठी, किंमत सांगितली, दिवस सांगितले, परभणीतला पत्ता सांगितला.

तर तोच घेतेय, सहा वर्षं अपडेटवाला. मन अजून स्क्रूवाल्याकडंच आहे, हे लपवत नाही. ज्या दिवशी त्याची बॅटरी परभणीच्या काउंटरवर मिळेल त्या दिवशी मी निर्णय बदलेन. सिंदफणांचं पटलं, सहा वर्षांत बॅटरी एकदा तरी बदलावी लागणार हे धरून चाललेय. ते काम मेंटेनन्स मोड लावून आणि बॅटरीखाली स्पिरिट सोडणाऱ्याकडूनच करून घेईन. ऊन वाढलं की दुपारचं चार्जिंग बंद, सकाळी लावते आणि ऐंशी टक्क्यांवर काढते.

जुना फोन रेघेसकट वर्गात नेते. लेकरांच्या कविता रेकॉर्ड करायला चालतो.

हॉटएअरदादा, एक राहिलं. ती फुगलेली बॅटरी अजून कपाटात आहे. कचऱ्यात टाकायची हिंमत होत नाही.

हॉटएअर

कपाटातून आजच काढा, मॅडम. कपड्यांजवळ नको. जिथं सोनेरी टोकं दिसतात तिथं चिकटपट्टी लावा, दाबू नका, वाकवू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि डबा उन्हात नको, पण घराबाहेर, शेडखाली. संभाजीनगरला आलात तर घेऊन या. माझ्याकडं अशा बॅटऱ्यांचा वेगळा डबा असतो, महिन्याला ई-कचरावाला नेतो. पैसे लागत नाहीत. फक्त सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.